कॅनॉलवरच्या सासरच्यांचा शोध: एल्समेर पोर्टचं म्युझियम, तिथलं आर्काइव्ह आणि बाकी खर्च (मोठा रिव्ह्यू आहे)

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच सुटतील. इंग्लंडमध्ये तुमच्या नात्यात कोणी कॅनॉलच्या बोटींवर राहून काम केलेलं असेल आणि त्यांचा माग काढायचा असेल तर वर्षभराची महागडी सबस्क्रिप्शन घेऊ नका, "आम्ही तुमचा वंशवृक्ष काढून देतो" म्हणणाऱ्यांना ॲडव्हान्स देऊ नका, आणि एल्समेर पोर्टच्या नॅशनल वॉटरवेज म्युझियमला मात्र नक्की जा, जायच्या आधी तिथल्या आर्काइव्हला ईमेल करून अपॉइंटमेंट घ्या. आणि तिथे जाताना नुसतं माणसाचं नाव घेऊन जाऊ नका, बोट कुठली ते शोधून मग जा. बास. खालचं सगळं ह्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिलंय.

आता नाशिकच्या बाईला हे काय सुचलं? तर माहेर नाशिक, सासर वॉरिकशायर, नवरा इंग्लिश. मुलीला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितला होता. माझ्या बाजूचं काम बाबांनी एका सकाळी उरकलं, रामकुंडावर आमच्या गुरुजींकडे गेले, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं, गुरुजींनी चोपडी काढली आणि खापरपणजोबा कोणाकोणाला घेऊन नाशकात आले होते ते त्यांच्या मोडी सहीसकट, फोटो काढून व्हॉट्सॲपवर. नवऱ्याच्या बाजूला, जिथे सरकारी जन्ममृत्यूची नोंद १८३७ पासून आहे, तिथे गाडी त्याच्या आजीपाशीच अडकली. सासूबाईंना (इथे मी त्यांना नावानेच हाक मारते पण मराठीत लिहिताना हात तसा वळत नाही) एवढंच माहीत की त्यांची आई बोटीवर जन्मली, "कुठेतरी कॉव्हेंट्रीकडे", आणि आईला तो विषय काढलेला आवडायचा नाही.

गुरुजींची सगळी सिस्टीम गावावर चालते. गाव सांगितलं की चोपडी कुठली ते कळतं. बोटवाल्यांना गावच नाही, तिथेच घोडं पेंड खातं. इंग्लंडमधली जुनी नोंदसुद्धा शेवटी गावावरच चालते, पॅरिशचं चर्च नाहीतर रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट, आणि हे लोक आज इथे उद्या तिथे. सात फूट रुंद आणि सत्तर-बाहत्तर फूट लांब बोट, तिच्यात पुढे सगळा माल, कोळसा, धान्य, लोखंड जे असेल ते, आणि मागे जेमतेम दहा फुटांची केबिन, त्यात नवरा-बायको आणि पोरं. रेल्वे आल्यावर भाड्याचे दर पडले, मग किनाऱ्यावरच्या घराचं भाडं आणि मदतनिसाचा पगार दोन्ही वाचवायला अनेकांनी बायकापोरंच बोटीवर आणली. बायको सुकाणू धरणार, मोठी मुलगी पुढे पळत जाऊन लॉक (बोट वरखाली करायचे पाण्याचे दरवाजे) तयार करणार. बाळ जिथे बोट थांबली तिथे जन्मणार, आणि नोंद झालीच तर तिथल्या रजिस्ट्रारकडे. लिहितावाचता बहुतेकांना येत नव्हतं त्यामुळे रजिस्ट्रारने कानाला जे ऐकू आलं ते आडनाव लिहिलं, आमच्याकडे एकाच बाईच्या मुलांची आडनावं तीन स्पेलिंगांत आहेत.

सेन्ससचंही तसंच. १८४१ मध्ये बोटींवरच्या लोकांची नावं घेतलीच नाहीत, नुसती डोकी मोजली. नंतर बोटींसाठी वेगळे फॉर्म आले पण त्या एका रात्री बोट कुठे बांधलेली होती त्यावर सगळं, आणि त्यांची पानं बहुतेक वेळा त्या भागाच्या शेवटी जाऊन बसतात, काही बोटी तर सुटूनच गेल्या. तर "कॉव्हेंट्री" टाकून सर्च मारला की काहीच येत नाही. किंवा जे येतं ते दुसऱ्याच कोणाचं येतं, आणि ते जास्त वाईट.

ह्यावरून पैशांचा भाग. आम्ही पहिल्यांदा पूर्वज शोधायच्या एका साइटची वार्षिक मेंबरशिप घेतली, नाव लिहीत नाही, सगळ्याच साइट्सचं थोडंफार असंच असतं. नाव टाकलं की ती साइट आपणहून सुचवत राहते, हे तुमचे पूर्वज असतील, हे पण असतील, क्लिक करा. आम्हाला ती सारखी लिंकनशायरमधला एक शेतमजूर सुचवायची, नाव तेच, जन्मसाल तेच. आणि दुसऱ्या लोकांनी न बघता त्याला आपापल्या झाडावर चिकटवलेलं, त्यामुळे अजूनच खरं वाटायला लागतं. मेंबरशिप आपोआप रिन्यू होते हे लक्षात ठेवा, कार्डावरून पैसे गेले की मगच आठवण येते.

मग नवऱ्याने पैसे घेऊन रिसर्च करून देणारी एक सर्व्हिस घेतली (हिचंही नाव नाही, वाद नको). रिपोर्ट आला तो काय सांगू, जाड कागद, सोनेरी अक्षरं, पहिली बरीच पानं इंग्लंडमधल्या कॅनॉलांचा इतिहास जो कुठेही मिळतो, आणि शेवटी आडनावाचं कोट ऑफ आर्म्स, ढाल, सिंह वगैरे. अहो, कोळसा वाहणाऱ्या माणसाला कुठलं आलंय कोट ऑफ आर्म्स! आणि ते इथे आडनावाला मिळतच नाही, ठरावीक माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, हे साधं नेटवर बघितलं तरी कळतं. आणि पूर्वज कोण काढला, तर तोच लिंकनशायरचा शेतमजूर. बायकोचं नाव जुळत नाही म्हणून विचारलं तर "शक्यता सर्वाधिक आहे" असं उत्तर, रिफंड नाही. एक स्टार, तोही बाइंडिंगला. ह्या कामात चांगली माणसंही आहेत हे मान्य, पण पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही कधी कॅनॉल बोट रजिस्टर उघडून बघितलंय का? समोरचा अडखळला की नमस्कार करा.

आता जे चाललं ते.

पहिली गोष्ट जवळपास फुकट आहे. जीआरओ म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीचं सरकारी ऑफिस, त्यांची स्वतःची इंडेक्स ऑनलाइन आहे, अकाउंट फुकट, आणि त्यात जुन्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव पार सुरुवातीपासून, १८३७ पासून दिसतं. बाकी ठिकाणच्या इंडेक्समध्ये ते १९११ नंतरच दिसायला लागतं. तर डिस्ट्रिक्टचा रकाना कोरा सोडायचा, वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव एवढंच टाकायचं. थोडं कंटाळवाणं आहे कारण एका वेळी मुलगा किंवा मुलगी निवडावं लागतं आणि वर्षाच्या दोन वर्षं अलीकडे-पलीकडे एवढंच बघता येतं, पण चहा घेऊन बसलात तर एका संध्याकाळचं काम आहे. आमच्या आजेसासूबाईंची भावंडं निघाली ती ब्रेंटफर्ड, डॅव्हेंट्री, फोलशिल, ॲस्टन अशी चार डिस्ट्रिक्टांत. सुटी सुटी बघितली तर चार वेगळी कुटुंबं वाटतील. नकाशावर ठिपके टाकले तर लंडन ते बर्मिंगहॅमचा कॅनॉलच उमटला. आणि आजेसासूबाई स्वतः? ब्रेंटफर्ड, थेम्सच्या काठावर. कॉव्हेंट्रीत आम्ही त्यांना जन्मभर शोधलं असतं.

त्यांचा दाखला मागवला. जन्मस्थळाच्या रकान्यात चक्क "ऑन बोर्ड कॅनॉल बोट" आणि पुढे बोटीचं नाव. वडिलांचा धंदा बोटमन. हे प्रत्येक दाखल्यात मिळत नाही, त्यांच्या भावाच्या दाखल्यात नुसतं गावाचं नाव आहे, म्हणून शक्य असेल तर दोन-तीन भावंडांचे दाखले काढा, कुठल्या रजिस्ट्रारने मन लावून लिहिलंय ते आधी कळत नाही.

दुसरी गोष्ट १९२१ चा सेन्सस. हा आम्ही फाइंडमायपास्ट नावाच्या वंशावळीच्या साइटवर बघितला, महिन्याचे पैसे भरून, आणि काम झाल्यावर लगेच बंद केलं. ह्या सेन्ससमध्ये माणूस कोणाकडे कामाला आहे ते विचारलेलं आहे, मालकाच्या नावासकट, आणि बोटवाल्यांसाठी त्याच्यासारखं सोनं नाही. ही गणना आधी एप्रिलमध्ये होणार होती, कोळसा खाणींच्या बंदमुळे १९ जूनवर गेली आणि तेव्हाही बंद चालूच होता, त्यामुळे कोळशाच्या बऱ्याच बोटी जागेवर बांधलेल्या असणार असा माझा आपला अंदाज. आमचे पणजेसासरे सापडले, मालक फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन. ही त्या धंद्यातली सगळ्यात मोठ्या नावांपैकी कंपनी, १८८९ मध्ये ह्या नावाने उभी राहिली, १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर तिचा ताफा सरकारकडे गेला. पुढचा १९३१ चा सेन्सस १९४२ मध्ये आगीत जळून गेला आणि १९४१ चा युद्धामुळे झालाच नाही, म्हणजे १९२१ नंतर एकदम २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, युद्ध सुरू झाल्यावर केलेली सगळ्या लोकांची नोंद. त्यात जन्मतारखा असतात, पण जन्माला शंभर वर्षं झाली नसतील आणि मृत्यूची नोंद जोडलेली नसेल तर ओळ काळी केलेली असते.

एक गंमत, सेन्ससच्या फॉर्ममध्ये पणजेसासऱ्यांच्या बोटीवर दोन मोठी पोरं नव्हतीच. आम्हाला वाटलं गेली बिचारी. तर ती थोड्या अंतरावर बांधलेल्या मामाच्या बोटीवर निघाली, धडधाकट. का, ते पुढे बोटींच्या रजिस्टरबद्दल वाचलं तेव्हा कळलं.

हे बोट रजिस्टर प्रकरण नीट सांगते कारण सगळी किल्ली तिथेच आहे. कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ म्हणून एक गृहस्थ, लहानपणी वीटभट्टीवर राबलेला, आधी वीटभट्टीवरच्या पोरांसाठी भांडला आणि मग बोटींवरच्या पोरांसाठी. त्याने बोटवाल्यांचं जे चित्र रंगवलं, घाणेरडे, दारुडे, अडाणी, ते बरंच भडक होतं आणि बोटवाल्यांना तो अजिबात आवडायचा नाही, पण त्याच्या आरडाओरड्यामुळे १८७७ चा कॅनॉल बोट्स ॲक्ट झाला, १८८४ मध्ये त्याला अजून दात लावले. ज्या बोटीत माणसं राहतात ती रजिस्टर करायची, बोटीवर ते गाव आणि नंबर रंगवायचा, केबिनमध्ये किती माणसं झोपू शकतात ते ठरवून घ्यायचं. मोठ्या माणसाला ६० घनफूट, १२ वर्षांखालच्या मुलाला ४०. साठ घनफूट म्हणजे तीन बाय चार बाय पाच फूट, बघा करून हिशोब. आणि नवरा-बायको झोपतात त्या केबिनमध्ये १२ वर्षांवरची मुलगी किंवा १४ वर्षांवरचा मुलगा नको. म्हणून मोठी पोरं मामाकडे! इन्स्पेक्टर आला की मोजदाद व्हायची आणि काही जण पोरांना किनाऱ्यावर पिटाळायचे ते वेगळं.

कायदा बोटवाल्यांना छळायला आला असेल, आपल्याला मात्र कागद देऊन गेला. रजिस्टरात बोटीचं नाव, मालक, बोट चालवणारा मास्टर, कुठल्या मार्गावर चालते, काय वाहते, केबिन केवढी, हे सगळं मिळतं. ही रजिस्टरं त्या-त्या गावाच्या अधिकाऱ्याकडे होती त्यामुळे आज काही काउंटीच्या आर्काइव्हमध्ये आहेत, काही शहरांच्या, आणि काही कुठेच नाहीत. तर कुठल्या गावाचं रजिस्टर ते आधी कळायला हवं. ते आम्हाला कळलं एका फोटोवरून. सासूबाईंच्या अल्बमच्या मागच्या पुठ्ठ्यात अडकलेला एक छोटा फोटो, मोठं काळं बॉनेट घातलेली बाई सुकाणूच्या दांड्याला टेकून उभी, मागे केबिनची बाजू. सगळे बाईकडे बघतात. नवऱ्याने फोनवर स्कॅन करून मोठा केला तर केबिनवर वर कंपनीचं नाव, मधे बोटीचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात "रजिस्टर्ड ॲट" अमुक गाव, नंबर तमुक. गाव लिहीत नाही, कुटुंब ओळखू येईल. पण तुमच्याकडे असा फोटो असेल तर माणसांचे चेहरे नंतर बघा, आधी केबिनची भिंत वाचा.

एवढं हातात आल्यावर एल्समेर पोर्ट.

हे लिव्हरपूलच्या पलीकडच्या अंगाला, जिथे श्रॉपशायर युनियन कॅनॉल येऊन मँचेस्टर शिप कॅनॉलला मिळतो. आमच्याकडून गाडीने दोनेक तास. जुन्या गोदीतच म्युझियम आहे, १९७६ मध्ये बोट म्युझियम म्हणून सुरू झालं, आता कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, आणि त्याच संस्थेचं वॉटरवेज आर्काइव्ह तिथेच. आधी म्युझियम बघा मग आर्काइव्ह, उलटं करू नका, कारण बोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदातलं काही डोक्यात शिरत नाही. पोर्टर्स रो म्हणून गोदी कामगारांची चार घरं आहेत, प्रत्येक घर वेगवेगळ्या काळातलं मांडलंय, १८३० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंत, मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती. मला ती छान वाटली, पण आमचे लोक घरात राहणारेच नव्हते त्यामुळे मी पुढे निघाले.

बोटींमध्ये फ्रेंडशिप नक्की बघा. जो स्किनर आणि रोझ स्किनर ह्या जोडप्याची, ऑक्सफर्ड कॅनॉलवरची, शेवटपर्यंत इंजिन नाही, खेचायला डॉली नावाची खेचर. जो स्किनर "नंबर वन" होता, म्हणजे स्वतःच्या मालकीची बोट असलेला. हे कळणं कामाचं आहे कारण तुमचा पूर्वज नंबर वन असेल तर तो कुठल्याच कंपनीच्या कागदात सापडणार नाही, तिथे बोट रजिस्टर आणि टोलचे कागद एवढाच आधार. गिफर्ड म्हणून दुसरी आहे १९२६ ची, थॉमस क्लेटनच्या ताफ्यातली, ती डांबर-तेल वगैरे पातळ माल वाहायची, वरून सपाट बंद.

आणि केबिन. एका बोटीच्या केबिनमध्ये डोकावता आलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता. त्यांना लहानपणी आजीआजोबांच्या बोटीवर सुट्टीत पाठवायचे, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, तिथे उभ्या राहून सांगायला लागल्या. पायरी उतरलं की डाव्या हाताला काळी शेगडी, तिची पितळी दांडी रोज घासायची. त्याला लागून उभं कपाट, त्याचं दार खाली पाडलं की टेबल, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला रंगवलेला किल्ला, तळं, पूल, भोवती गुलाब, जे दिवसा कपाट बंद असताना दिसायचं. त्याच्या पलीकडे आडव्या पलंगाचं कपाट, रात्री फळी टाकायची, दिवसा गुंडाळून आत. भिंतीवर जाळीदार काठाच्या प्लेटा, त्यात रिबीन ओवलेली. "टेबल पाडताना आजी कोपराने दार धरायची, नाहीतर ते माझ्या डोक्यावर यायचं," असं म्हणून त्यांनी तो कोपर करून दाखवला, आणि मग बराच वेळ गप्प. दहा फुटांत पाच माणसं. मी दादरच्या चाळीत वाढलेल्या मावशीला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय, "मोरी कुठंय?" मोरी नाही मावशी. बादली. पिण्याचं पाणी छपरावरच्या रंगवलेल्या कॅनमध्ये.

तिथेच मीशमची किटली कळली. तपकिरी चकाकीची ढब्बू किटली, वर उठावाची फुलं, कधी झाकणावर अजून एक छोटी किटली, आणि पोटावर पांढरी पट्टी, त्यात छाप्याच्या टाइपने उमटवलेलं नाव नाहीतर "अमुककडून भेट", कधी सालसुद्धा. ॲशबी कॅनॉलजवळच्या मीशम गावात विकत मिळायच्या. घरात अशी किटली असेल तर ती पुरावा आहे, शोपीस म्हणून धूळ खात ठेवू नका.

आता आर्काइव्ह. चहापाण्याची जागा नाही ही, आधी सांगून जायचं असतं, आणि कॅटलॉग ऑनलाइन आहे तो घरून चाळून जा. मी ईमेलमध्ये बोटीचं नाव, कंपनी, रजिस्ट्रेशनचं गाव-नंबर आणि साधारण वर्षं एवढं लिहिलं होतं, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा काय दाखवायचं ते काढून ठेवलेलं होतं आणि पुढचं सगळं पटापट झालं. शेजारच्या टेबलावर एक काका फक्त आजोबांचं नाव घेऊन आले होते. त्यांना तिथल्या बाई फार शांतपणे समजावत होत्या की इथे बहुतेक कागद बोटींचे आणि कंपन्यांचे आहेत, माणसांच्या नावाची यादी नाही.

गेजिंग रजिस्टर म्हणजे काय ते तिथे समजलं. कॅनॉलचा टोल मालाच्या वजनावर. दरवेळी माल उतरवून तोलणार कोण? म्हणून नवी बोट एकदा गोदीत आणायची, तिच्यात माहीत असलेल्या वजनांचे ठोकळे टन-टन करून भरायचे आणि प्रत्येक टनाला बोट किती इंच खाली बसली ते लिहून ठेवायचं. मग पुढे आयुष्यभर टोलवाला काठी लावून पाण्यावर किती इंच बाजू शिल्लक आहे ते मोजणार, तक्ता बघणार, वजन सांगणार. आमच्या बोटीचं पान निघालं. बोट कधी मोजली, मालक कोण, लांबी-रुंदी, आणि इंच-टनांची लांबलचक उभी यादी. माणसाचं एकही नाव नाही त्यात. नवऱ्याला जरा हिरमुसल्यासारखं झालं, मला नाही, कारण त्या पानावरून बोट कोणत्या सालापासून पाण्यावर होती ते कळलं आणि आमच्याकडचा एक दाखला दुसऱ्याच कुटुंबाचा आहे हे सिद्ध झालं, त्या तारखेला बोट बांधलेलीच नव्हती. माणसांची नावं हवीत तर टोलची तिकिटं, त्यात तारीख, बोट, चालवणारा, माल, कुठून कुठे हे सगळं असतं, पण ती सगळी टिकलेली नाहीत, हाती लागेल तेवढं आपलं. कंपन्यांचेही बरेच कागद काळाच्या ओघात गेले. म्युझियम आणि आर्काइव्ह मिळून माझ्याकडून पाचपैकी पाच.

फक्त वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर सपाट बूट घाला, जुनी गोदी आहे, दगडी फरशी, उतार, पायऱ्या, आणि केबिनमध्ये उतरणं गुडघ्यांना जड जातं.

बाकीची ठिकाणं थोडक्यात. नॉर्थम्प्टनशायरमधलं ब्राउन्स्टन, जिथे ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन कॅनॉल मिळतात, तिथलं ऑल सेंट्स चर्च बोटवाल्यांचं, लग्नं तिथे, पुरायचं तिथे, आवारात त्यांचे दगड आहेत. पॅरिशची रजिस्टरं बघायला मात्र काउंटी आर्काइव्ह. स्टोक ब्रुअर्नचं म्युझियम छोटं आहे पण १९६३ पासूनचं, आणि तिथेच सिस्टर मेरी वॉर्ड बोटवाल्यांची नर्स होती, मोफत औषधपाणी करायची, तिला १९५१ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. तुमचा पूर्वज लंडनच्या थेम्सवरचा वॉटरमन (माणसं नेणारा) किंवा लायटरमन (माल नेणारा) असेल तर हे सगळं विसरा, त्यांच्या कंपनीची शिकाऊ उमेदवारांची वेगळी नोंद आहे, ती दुनियाच वेगळी. आणि फार मागे जायचं असेल तर १७९५ चा एक कायदा आहे, १३ टनांवरच्या बोटी आणि त्यांच्या मास्टरची नोंद, काही काउंटींत ती टिकलीये, आम्ही अजून तिथवर पोचलो नाही.

गावांच्या नावांचं एक लक्षात ठेवा. कॉव्हेंट्रीजवळ नकाशावर हॉक्सबरी जंक्शन असतं, बोटवाले त्याला सटन स्टॉप म्हणतात. साउथॉलच्या जॅमच्या फॅक्टरीला जॅम ओल. सासूबाईंच्या आठवणीतली "सटन" आम्ही आधी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डला जोडली होती, आर्काइव्हमधल्या बाईंनी एका मिनिटात सोडवलं. आणि तीच "कुठेतरी कॉव्हेंट्रीकडे".

एवढं सगळं लपवलं का, हा सासूबाईंचा प्रश्न होता, आणि त्याला म्युझियममध्ये उत्तर नाही. पण शाळेच्या जुन्या कागदांत बोटवाल्यांची पोरं दोन दिवस येतात आणि जातात अशा नोंदी वाचल्या की अंदाज येतो. किनाऱ्यावरचे लोक त्यांना "बार्जी" म्हणायचे, "पाण्यावरचे जिप्सी" म्हणायचे, दुकानात हाकलायचे. आजेसासूबाईंनी युद्धाच्या काळात फॅक्टरीत काम धरलं, किनाऱ्यावरच्या माणसाशी लग्न केलं आणि पुढे कायम "आम्ही कॉव्हेंट्रीचे" एवढंच. त्यांचे आईवडील मात्र १९६२-६३ च्या हिवाळ्यापर्यंत बोटीवर होते, त्या वर्षी कॅनॉल महिनोन्‌महिने गोठले, बोटी जागच्या जागी अडकल्या, आणि १९६३ मध्ये सरकारी ब्रिटिश वॉटरवेजने आपला नॅरोबोटींचा (म्हणजे ह्याच सात फुटी बोटींचा) मालवाहतुकीचा धंदाच गुंडाळला. कौन्सिलचं घर मिळालं. पणजेसासूबाईंना तिथे झोप यायची नाही म्हणे, खोली फार मोठी.

भारतातून हे होईल का असं बहिणीने विचारलं, तिच्या ऑफिसातल्या एकाची बायको इंग्लिश आहे. अर्ध्याहून जास्त होईल. जीआरओची इंडेक्स, दाखले, १९२१ चा सेन्सस हे सगळं घरबसल्या, आणि आर्काइव्हला ईमेल करून त्यांच्याकडे काय आहे ते विचारता येतंच. फक्त ईमेल लिहिताना "माझ्या पूर्वजांबद्दल माहिती द्या" असं लिहू नका. बोट, कंपनी, वर्ष, मार्ग, जे असेल ते पहिल्या तीन ओळींत, आणि केबिनचा फोटो असेल तर तो जोडा.

आमचं एक कोडं बाकी आहे. सासूबाईंच्या मामेबहिणीकडे मीशमची एक किटली निघाली, पट्टीवर बाईचं नाव आहे, आणि त्या नावाची बाई आमच्या अख्ख्या झाडात नाही. नवऱ्याचं म्हणणं जत्रेत स्वस्तात घेतली असेल. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. जूनमध्ये ब्राउन्स्टनला जुन्या बोटींची रॅली असते तिथे त्या किटलीचा फोटो घेऊन जाणार आहेत, प्रत्येक बोटवाल्याला दाखवणार म्हणतात, आणि गाडी मी चालवायची आहे.